टबाशेजारी कोण असेल?

वॉटर बर्थचे व्हिडिओ सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या फोनवर न मागता येऊन पडतात. मंद उजेड, निळा टब, पाठीवर नवऱ्याचा हात, आणि पाण्यातून अलगद वर आलेलं शांत बाळ. थोरल्या जावेकडून, मैत्रिणींकडून लेबर रूमच्या कहाण्या ऐकून धास्तावलेल्या बाईला हे पाहून "मलाही असंच हवं" वाटणारच. पलंगावर उताणं झोपवून ठेवायचं, सलाइनमधून औषध सोडून कळा वाढवायच्या, न विचारता छेद घ्यायचा आणि बाई ओरडली की तिच्यावरच डाफरायचं, हे आपल्याकडे अनेकींच्या वाट्याला आलं आहे. म्हणून या इच्छेला श्रीमंतांचं खूळ म्हणून झटकून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही. आपल्याला माणसासारखं वागवलं जावं, एवढंच तिच्या मुळाशी असतं. ती पुरी करायची तर टबाच्या फोटोपलीकडचं बरंच काही तपासावं लागतं, आणि ते तपासण्याइतकी माहिती आज हाताशी आहे.

सगळ्यात आधी दोन निर्णय वेगळे करू. कळा पाण्यात बसून काढायच्या, हा एक. बाळही पाण्यातच जन्माला येऊ द्यायचं, हा दुसरा. पहिल्याबद्दल वैद्यकात आता फारसा वाद उरलेला नाही. दुसऱ्याबद्दल आहे. जाहिरातींत दोन्हींची सरमिसळ होते आणि पहिल्याचे फायदे दुसऱ्याच्या नावावर खपवले जातात.

कळांवर गरम पाण्याचा उतारा आपल्या घरांना नवा नाही. कळा सुरू झाल्या की सुनेला मोरीत बसवून कमरेवर कढत पाण्याचे तांबे घालणाऱ्या सासवा अजून पुष्कळ घरांत आहेत. टबात याच्या पुढची पायरी असते. पाणी छातीपर्यंत असतं, त्यामुळे शरीराचा भार हलका होतो. जमिनीवर जिला कूस बदलायलाही दोघींचा आधार लागला असता, ती पाण्यात गुडघ्यांवर येते, उकिडवी बसते, काठावर हात टाकून पुढे झुकते. उबेनं स्नायू सैलावतात. भीती कमी झाली की अ‍ॅड्रिनलिन उतरतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला वाट मिळते. पण फार लवकर, कळा नीट लागायच्या आधीच टबात उतरलं तर त्या मंदावूही शकतात. पाणी कढत असूनही चालत नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं पाण्याचं तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, आणि पाण्याचं व आईच्या अंगाचं तापमान तासातासाला मोजायला सांगतात. आईचं अंग तापलं की पोटातल्या बाळाचंही तापतं आणि त्याचे ठोके वाढतात.

या सगळ्याचा पडताळा काय? 2018 साली कॉक्रेन या संस्थेनं 15 चाचण्या आणि 3,663 स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. कळांच्या काळात पाण्यात बसलेल्यांपैकी थोड्या कमी जणींनी एपिड्युरल, म्हणजे पाठीत द्यायचं वेदना बधिर करणारं इंजेक्शन, मागितलं. हा फरक मोठा नव्हता. बाळंतपण नैसर्गिक झालं की सिझेरियन, यात ठळक फरक दिसला नाही. बाळांना अपाय झाल्याचंही दिसलं नाही. यातलं सिझेरियनचं वाक्य आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे पुष्कळ जणी वॉटर बर्थकडे वळतात त्या सिझेरियन टळावं म्हणून. त्यांची भीती अनाठायी नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सिझेरियनचं प्रमाण 21.5 टक्के होतं, महाराष्ट्रात 25.4 आणि गोव्यात 39.5. सरकारी दवाखान्यांत ते देशभरात 14.3 टक्के आणि खाजगीत 47.4. एवढी तफावत बायकांच्या शरीरांमुळे पडत नाही. सिझेरियन टाळायचं असेल तर पहिला प्रश्न डॉक्टर कोण निवडायचा, त्यांचं स्वतःचं सिझेरियनचं प्रमाण किती आणि कळांना ते किती वेळ देतात, हा आहे. टबाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

वेदनेच्या बाबतीत मात्र मला पाण्याचं मोल आपल्याकडे जास्त वाटतं. युरोपातल्या चाचण्यांत पाण्याची तुलना होते ती मागितल्यावर एपिड्युरल मिळतं अशा नेहमीच्या देखभालीशी. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये रात्री भूलतज्ज्ञ मिळणं कठीण असतं, आणि तिथल्या बाईसमोर पर्याय असतो तो दात-ओठ खाऊन सोसण्याचा. तिला गरम पाण्यानं जेवढा उतार पडेल तेवढा कमाईचाच.

हे सगळं आलं कुठून? पाण्यात बाळंत होण्याची युरोपातली जुनी वैद्यकीय नोंद 1803 सालची, फ्रान्समधली. दोन दिवस कळा देऊन थकलेली बाई आरामासाठी टबात उतरली आणि तिथेच बाळंत झाली. विसाव्या शतकात सोव्हिएत संघात इगोर चार्कोव्स्कीनं पाण्यातल्या जन्माचे प्रयोग केले, ते बरेच टोकाचे होते. फ्रेडरिक लबॉयेर या फ्रेंच डॉक्टरांनी 1974 मध्ये जन्माच्या वेळची हिंसा थांबवा असं पुस्तकातून मांडलं. त्यांच्या पद्धतीत बाळ जन्मत असे कोरड्यातच, मग त्याला कोमट पाण्यात धरत.   फ्रेंच डॉक्टर मिशेल ओदाँ यांनी पितिविये गावच्या सरकारी इस्पितळात टब आणला तो कळांवर उतारा म्हणून. काही जणींना ऐन वेळी बाहेर यावंसंच वाटेना, आणि बाळं पाण्यात जन्मली. अशा शंभर जन्मांचा अहवाल त्यांनी 1983 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दिला. 1992 मध्ये ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीनं शक्य तिथे इस्पितळांनी टबाची सोय द्यावी असं सुचवलं, आणि गोष्ट सरकारी व्यवस्थेत रुजली.

आता दुसरा निर्णय, म्हणजे बाळ पाण्यात जन्माला येऊ देण्याचा. आजीपासून नवऱ्यापर्यंत सगळे हेच विचारतात: बाळाच्या नाकातोंडात पाणी जाणार नाही का? पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेलीच असतात आणि प्राणवायू नाळेतून येतो. डोकं बाहेर आलं तरी नाळ चालू असते. चेहऱ्याला हवा, गारवा, स्पर्श जाणवला की पहिला श्वास सुटतो. चेहरा कोमट पाण्यात असेपर्यंत धडधाकट बाळ सहसा श्वास ओढत नाही. या वाक्यात 'धडधाकट' हा शब्द कळीचा. कळांच्या काळात ज्याला प्राणवायू कमी पडला आहे असं बाळ पाण्यातच धाप टाकू शकतं. म्हणून बाळाचे ठोके वारंवार ऐकावे लागतात, पाण्यात चालणाऱ्या डॉपलर यंत्रानं: कळांच्या काळात दर पंधरा मिनिटांनी आणि जोर देण्याच्या काळात दर पाच मिनिटांनी. ठोके बिघडले की आईनं टबातून बाहेर यायचं, तिथे चर्चा नाही. आई जोर देताना उठली आणि बाळाचं डोकं एकदा हवेत आलं, तर ते पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचं नाही. जन्मल्यावर बाळ लगेच वर घ्यायचं. व्हिडिओत कधीकधी ते काही सेकंद पाण्यात तरंगताना दाखवतात. ते कुणीही करू नये.

आकडे काय म्हणतात? इंग्लंड आणि वेल्समधल्या 4,032 पाण्यातल्या जन्मांचा अभ्यास 1999 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. बाळं दगावण्याचं प्रमाण हजारी 1.2 होतं, कमी जोखमीच्या इतर जन्मांसारखंच. एकही मृत्यू थेट पाण्यामुळे झाल्याचं दिसलं नाही, मात्र दोन बाळांना श्वासात पाणी गेल्यामुळे दाखल करावं लागलं होतं. त्यानंतरचा मोठा अभ्यास 2024 मधला, कार्डिफच्या संशोधकांचा, ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या 26 संस्थांमधला. कळांमध्ये टब वापरलेल्या आणि कोणतीही गुंतागुंत नसलेल्या 60,402 स्त्रियांपैकी 39,627 जणी पाण्यात बाळंत झाल्या. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी मोठी फाट पहिलटकरणींमध्ये पाण्यात 4.8 टक्के आणि बाहेर 5.3 टक्के, तर आधी बाळंत झालेल्यांमध्ये 1.1 आणि 1.7 टक्के होती. बाळाला श्वासासाठी मदत लागणं, जन्मानंतर लगेच अँटिबायोटिक द्यावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण पाण्यात 2.7 आणि बाहेर 4.4 टक्के होतं.

हे शेवटचे आकडे वाचून पाण्यामुळे बाळं जास्त निरोगी होतात असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. जिचं सगळं सुरळीत चाललं आहे ती टबात राहते, आणि जिचं काही अडतं ती बाहेर येते. संशोधकांनी हिशेब करताना हे लक्षात घेतलं, तरी असा फरक पुरता पुसता येत नाही. अभ्यासातून ठामपणे निघतं ते एवढंच: निवडक, निरोगी स्त्रिया, बाळंतपण करायला शिकलेल्या मिडवाइफ आणि बाजूला तयार इस्पितळ असेल, तर पाण्यात बाळंत होणं बाहेर बाळंत होण्यापेक्षा जास्त धोक्याचं नाही.

एक धोका मात्र पाण्यात वाढलेला दिसला, आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. क्लॅम्प लावायच्या आधीच नाळ तुटण्याचं प्रमाण बाहेर 0.3 टक्के, तर पाण्यात 1 टक्का होतं. नाळ कधी आखूड असते, कधी बाळाच्या मानेला किंवा अंगाला वेढलेली. पाणी गढूळलेलं असतं, नाळ किती लांब आहे ते दिसत नाही. आनंदाच्या भरात आई किंवा मदतनीस बाळाला झटकन छातीशी ओढते, आणि नाळेला हिसका बसून ती तुटते. बाळाचं रक्त पाण्यात जाऊ लागतं. सरावलेली मिडवाइफ बाळ वर घेताना एका हातानं नाळ चाचपत असते, आईला "हळू, हळू" म्हणत असते आणि तिच्या खिशात दोन क्लॅम्प उघडून ठेवलेले असतात. तुटली तरी काही सेकंदांत बाळाकडचं टोक दाबलं जातं आणि बहुतेक बाळांना काही होत नाही. पण हे सगळं त्या एका बाईच्या हातातल्या सवयीवर अवलंबून असतं. टब कितीही महाग असला तरी हे काम तो करत नाही.

पाण्यातल्या जन्माबद्दल दोन देशांनी वेगवेगळा सल्ला दिला आहे. ब्रिटनमध्ये कळांसाठी पाण्याची सोय देऊ करा असं सांगितलं जातं, आणि पाण्यात बाळंत होणं तिथे नित्याचं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये म्हटलं की 37 ते 41 आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी गर्भवतीला कळांच्या काळात पाणी देता येईल, पण बाळ कोरड्यातच जन्मू द्या. माझ्या मते हा फरक मुख्यतः व्यवस्थेतला आहे. ब्रिटनमध्ये सरळ बाळंतपण मिडवाइफच करते, आणि ती हजारोंच्या संख्येनं आहे.

सांगली-साताऱ्याची एखादी आई लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला जाते तेव्हा तिला धक्का बसतो तो याचाच. लेक सांगते, "अगं आई, सगळं नीट असलं तर डॉक्टर येतच नाहीत इथं." आईच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरशिवाय बाळंतपण म्हणजे तिच्या मनात मागच्या पिढीची सुईण आणि अडलेली बाई. तिथली मिडवाइफ पदवी घेतलेली असते, रक्तस्राव थांबवायला, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकलेली असते, आणि काही बिनसलं की बाईला डॉक्टरांच्या विभागात हलवायची वाट तिच्यासाठी ठरलेली असते. परदेशातल्या मराठी मुलींना वॉटर बर्थचा प्रश्न म्हणूनच सोपा जातो: तब्येत साथ देत असेल तर बाकीचं व्यवस्था बघते.

भारतात ती व्यवस्था अजून उभी राहते आहे. 2018 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण आखलं. त्याच्या आधीपासून हैदराबादच्या फर्नांडिस इस्पितळात डॉ. एव्हिटा फर्नांडिस यांनी मिडवाइफ घडवायचं काम हाती घेतलं. हैदराबादला सँक्टम, कोचीला बर्थव्हिलेज अशी मिडवाइफ-केंद्रित ठिकाणं आहेत. अभिनेत्री कल्की केकलां 2020 मध्ये पाण्यात बाळंत झाली आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोलली, त्यामुळे चर्चा वाढली. मुंबई-पुण्यातल्या काही खाजगी इस्पितळांत टब आले. टब आणणं सोपं आहे. तो वापरू शकणारी, पहाटे तीन वाजता ड्युटीवर असणारी मिडवाइफ आणणं अवघड आहे, आणि आपल्याकडचा सगळा निर्णय मला तिथेच अडलेला दिसतो.

तब्येतीची अट तर आहेच. जुळी, पायाळू बाळ, 37 आठवड्यांच्या आतली प्रसूती, वाढलेला रक्तदाब, इन्शुलिनवरचा मधुमेह, अपस्मार, ताप, अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटल्यावर घट्ट हिरवं पाणी दिसणं, या सगळ्यांत टब वर्ज्य. आधीचं सिझेरियन असेल तर बाळाचे ठोके अखंड नोंदले जावेत अशी गरज असते आणि बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, तो योग्यच आहे. एपिड्युरल किंवा गुंगीचं इंजेक्शन घेतलं की पाण्यात उतरायचं नाही. यात आपल्यासाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी, ती म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. भारतात बाळंतिणी दगावतात त्या सगळ्यात जास्त रक्तस्रावानं, आणि पाण्यात किती रक्त गेलं याचा अंदाज घेणं कठीण असतं. थोड्या रक्तानंही टब लाल होतो, आणि जास्त रक्त विरघळून फसवतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईनं हा जुगार खेळू नये. इतरांनीही वार पडायच्या वेळेला टबाबाहेर यावं हे बरं.

घरच्या घरी वॉटर बर्थ? महाराष्ट्रात आज याला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. फुगवायच्या टबात पाचशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. आपला घरचा गीझर पंचवीस लिटरचा. मग गॅसवर पातेली चढतात, कढत पाणी घेऊन माणसं धावतात, तापमान कधी वर कधी खाली. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, उन्हाळ्यात टँकरचं. कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो आणि नवजात बाळाला त्यापासून न्यूमोनिया होतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये पाण्यात जन्मलेलं एक बाळ या संसर्गानं दगावलं, 2016 मध्ये अ‍ॅरिझोनात दोन बाळांना तो झाला. ब्रिटनमध्येही 2014 मध्ये घरी आधीपासून भरून, पंपानं तापत ठेवलेल्या टबातून एका बाळाला संसर्ग झाला, आणि असे टब वापरू नका असं तिथल्या आरोग्य यंत्रणेनं बजावलं. आणि रक्तस्राव सुरू झाला तर? 2018 मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला व्हिडिओ बघून घरी बाळंत होऊ पाहणारी एक तरुण स्त्री रक्तस्रावानं गेली. तिथे टब नव्हता. शिकलेला माणूसही नव्हता, आणि जीव त्यापायी गेला.

इस्पितळ निवडताना खोली बघण्याआधी माणसं बघावीत. गेल्या वर्षी किती जणी टबात उतरल्या आणि त्यातल्या किती बाळंत व्हायच्या आधी बाहेर आल्या, हे विचारावं. ब्रिटनच्या 2024 च्या त्या अभ्यासात, गुंतागुंत नसलेल्यांतही, साधारण तिघींमधली एक बाहेर आली होती. "आमच्याकडे सगळ्या पाण्यातच होतात" असं अभिमानानं सांगणाऱ्या ठिकाणी बाहेर काढण्याची हिंमत किंवा सवय नाही असं समजावं. मग विचारावं: बाई टबात बेशुद्ध पडली तर तिला कशी काढता? नीट तयारी असलेल्या जागी भिंतीवर जाळीचा झोळणा टांगलेला असतो, नर्स तो काढून दाखवते, कोण कुठला कोपरा धरणार ते सांगते, आणि त्याची तालीम शेवटची कधी झाली तेही. जिथे "तशी वेळच येत नाही" असं उत्तर मिळतं तिथून निघावं. टब दोन बाळंतपणांच्या मध्ये कशानं धुतात, पाण्याची जंतूंसाठी तपासणी होते का, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत आहे का, ऐन वेळी मन बदललं किंवा बाहेर यावं लागलं तर पॅकेजचे पैसे कसे धरतात, हेही आधीच बोलून घ्यावं. पैशाचं बोलायला संकोच करू नये. भरलेल्या पैशाच्या ओझ्यानं टबात बसून राहणं फार वाईट.

उत्तरं पटली, तब्येत धडधाकट असली, तर कळा पाण्यात काढायचं ठरवून जावं आणि बाळ पाण्यात होतं की बाहेर हे त्या वेळेवर सोडावं. मला स्वतःला हा मधला मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो. पाण्याचा ठाशीव फायदा कळांमध्येच आहे, आणि बाहेर येऊन बाळंत झालेल्या बाईनं काही गमावलेलं नसतं.

ज्यांच्या गावात टबच नाही, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक जणींच्या, त्यांनाही यातलं बरंच काही मिळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं की कळांच्या काळात बाईला हवं तसं हिंडू-फिरू द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत राहू द्या, पोटावरून दाब देऊन बाळ ढकलू नका. 2017 पासूनचा केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम सरकारी लेबर रूममध्ये सन्मानाची वागणूक आणि सोबतीचं माणूस या गोष्टी आणू पाहतो. त्या हक्कानं मागाव्यात. आणि गरम पाणी? लेबर रूमला लागून असलेल्या न्हाणीघरात हातात धरायचा शॉवर, बसायला न घसरणारं स्टूल आणि भिंतीला धरायला एक कडी, एवढ्यानं कमरेवर अर्धा तास गरम पाणी घेता येतं. दाराबाहेर नर्स आणि आत बहीण किंवा नवरा असला म्हणजे झालं. आठव्या महिन्यातल्या तपासणीला डॉक्टरांना विचारून ठेवावं: तुमच्याकडे हे चालेल का, नसेल तर शॉवर आम्ही आणून बसवून देऊ का?